खाटेवरच्या रुग्णाचे हात कोण धुणार? (इस्पितळातील हातांची स्वच्छता)

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रुग्णांच्या सोबत्यांसाठी एक पानी पत्रक तयार करायचे आहे, मराठी आणि कोकणीत. बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) काणकोण-सत्तरीपासून ते शेजारच्या सिंधुदुर्ग आणि कारवारपर्यंतचे रुग्ण येतात. सोबतीला बहुधा घरचे एकच माणूस असते, आणि हातांविषयी त्याला कोणी काही सांगितलेले नसते.

बहुतेक इस्पितळांत बेसिनवर हात धुण्याच्या पायऱ्यांचे चित्र लावलेले असते. पण ते बेसिनपर्यंत चालत जाऊ शकणाऱ्यांसाठी. जो उठूच शकत नाही त्याचे काय? बेडपॅन दिला, काढून घेतला, थोड्या वेळाने हातात पेजेची वाटी आली. मधे हात धुतलेच गेले नाहीत. तोच हात खाटेच्या कठड्याला, लघवीच्या नळीला, टाक्यांवरच्या ड्रेसिंगला, सलाईनच्या चिकटपट्टीला आणि शेवटी तोंडाला.

केव्हा, कशाने, किती आणि कसे, हे नेमके हवे आहे. कर्मचाऱ्यांची बाजूही लिहा. सिस्टरनी हात केव्हा चोळायचे असतात हे सोबत्याला ठाऊक असले पाहिजे. 'स्वच्छता राखा' छापाच्या ओळी नकोत, त्या भिंतीवर पुष्कळ आहेत.

---

आबोली

कुळागरभाई, विषय फार गरजेचा काढलात. संसर्ग नियंत्रणात सगळे लक्ष कर्मचाऱ्यांच्या हातांवर जाते, आणि जायलाच हवे. पण रुग्णाच्या हातावरही तेच जंतू बसतात. औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस, एन्टेरोकॉकस रुग्णांच्या हातांवर सापडतात, आणि ते हात दिवसभर तोंड, नाक, जखम आणि नळ्या यांच्यात फिरत असतात.

रुग्णाचे हात स्वच्छ करायच्या वेळा पत्रकात अशा लिहा: काहीही खाण्यापूर्वी आणि तोंडाने गोळी घेण्यापूर्वी. बेडपॅन, युरिनल किंवा संडासानंतर. खोकला, शिंक, उलटी, थुंकी यांनंतर. जखम, नळी किंवा कॅन्युलाच्या (सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळीच्या) जागेला हात लावण्याआधी (खरे तर लावूच नये, पण खाज सुटते आणि हात जातोच). एक्स-रे किंवा तपासणीसाठी वॉर्डाबाहेर जाताना आणि परत आल्यावर. आणि भेटीला माणसे येऊन गेल्यावर.

यातल्या पहिल्या दोन वेळा कधीच चुकता कामा नयेत. सकाळचा चहा-पाव, अकराची पेज, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण धरले तर खाण्याच्या वेळाच पाच होतात. ताट ठेवणाऱ्याने ताट ठेवायच्या आधी हात पुसायचे साधन रुग्णाच्या हातात द्यावे. ताट समोर आल्यावर कोणी थांबत नाही. भूक लागलेली असते, पेज निवत असते.

आता कृती. तीन साधने आहेत.

पहिले, हँडरब, म्हणजे हातावर चोळायचे अल्कोहोलचे सॅनिटायझर. हात दिसायला स्वच्छ असतील तर हेच. रुग्णाचा तळहात खोलगट करायला सांगून त्यात साधारण ३ मिली घ्या. बहुतेक पंपांना त्यासाठी दोन दाब लागतात. पंपावर काय लिहिले आहे ते एकदा पाहून ठेवा. हात २० ते ३० सेकंद ओले राहिले पाहिजेत. दहा सेकंदांत सुकले तर घेतलेले पुरेसे नव्हते, पुन्हा घ्या. रुग्णाला चोळता येत नसेल तर सोबत्याने आपल्या हातांनी त्याचे हात चोळावेत. दोघांचेही स्वच्छ होतात, फक्त प्रमाण वाढवा.

दुसरे, ओला वाइप. अल्कोहोलचा असल्यास उत्तम. थरथरणाऱ्या हातांना, अशक्त माणसाला हे सोपे पडते. एका रुग्णाला एक. वाइपने बोटांची टोके आणि बेचक्या आधी पुसा, तळहात शेवटी.

तिसरे, तांब्या आणि तस्त. हात विष्ठेने, रक्ताने, अन्नाने माखलेले असतील तर साबण-पाण्याला पर्याय नाही. खाटेवर प्लास्टिकचा कागद, त्यावर तस्त. तांब्यातले पाणी वरून ओतायचे, हात तस्तात बुडवून ठेवायचे नाहीत. बुडवून धुतले की सुटलेली घाण पुन्हा हातालाच लागते. आधी हात ओले, मग साबण, सगळीकडे चोळणे, वरून पाणी, कोरडे करणे: सगळे मिळून ४० ते ६० सेकंद. पाणी साधे किंवा कोमट. कडक गरम पाण्याने जंतू जास्त मरत नाहीत, कातडी मात्र फुटते. तस्त प्रत्येक रुग्णानंतर साबणाने घासून, कोरडे करून पालथे ठेवा. तळाशी पाणी साचलेले तस्त म्हणजे पुढच्या रुग्णासाठी जंतूंचे कोठार.

सलाईन लावलेल्या हाताची ड्रेसिंग भिजवू नका. त्या हाताची बोटे आणि तळहात वाइपने पुसा. बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी असेल तर सिस्टरना सांगून काढा, बोट पुसा, चिमटीची आतली बाजू पुसून घ्या, मगच परत लावा. ते बोट आठवडाभर कोणी पुसत नाही.

---

दर्यासारंग

उपयुक्त माहिती. एक शंका. सॅनिटायझर म्हणजे वरवरचे काम, साबण आणि पाणी तेच खरे, असे आम्ही समजत आलो. मग पहिले साधन हँडरब कसे?

---

पेट्रीडिश

दर्यासारंग, हा समज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

साबण जंतूंना सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. अल्कोहोल त्यांची प्रथिने आणि आवरण मोडून तिथेच मारते. नुसत्या साबणाने धुतलेल्या हातांपेक्षा नीट चोळलेल्या हँडरबने हातावरचे जंतू जास्त कमी होतात. शिवाय बेसिनपर्यंत जाणे, नळ सोडणे, धुणे, पुसणे, परत येणे यात मिनिट-दीड मिनिट सहज जाते, आणि तीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असल्या की ते होतच नाही. हँडरब खाटेशीच असते, चालता चालता चोळता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शिकेतही हात मळलेले नसतील तर हँडरबलाच पहिली पसंती आहे.

हँडरब कमी पडते ते असे. मळलेल्या हातावर रक्त आणि विष्ठेच्या थराखाली अल्कोहोल पोचत नाही. ओल्या हातावर ते पातळ होऊन निकामी होते. आणि क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूचे बीजाणू (टणक कवचातले सुप्त रूप) अल्कोहोलने मरत नाहीत. बरेच दिवस अँटिबायोटिक चालू असलेल्या रुग्णाला पातळ जुलाब सुरू झाले तर या जंतूचा संशय घेतात. अशा खाटेशी हातमोजे, आणि मोजे काढल्यावर साबण-पाणी. चोळून आणि वाहून बीजाणू निघतात. नोरोव्हायरससारख्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूंवरही अल्कोहोलचा भरवसा कमी. पत्रकात एवढेच लिहा: "जुलाब असतील तर साबण आणि पाणीच."

साबणाने धुऊन लगेच वर हँडरब, असे दुहेरी करू नका. फायदा काही नाही, कातडी मात्र लवकर खराब होते.

---

सुरंगी

चोळण्याच्या पायऱ्या सोप्या करून कोणी सांगेल का? चित्रातल्या पायऱ्या वयस्कर सोबत्यांच्या लक्षात राहत नाहीत.

---

आबोली

सुरंगीताई, ठरलेला क्रम असा: तळहातावर तळहात. उजवा तळहात डाव्या हाताच्या पाठीवर, बोटे बोटांत घालून, मग उलट. तळहात समोरासमोर, बोटे गुंफून, म्हणजे बेचक्या येतात. बोटे वाकवून त्यांच्या पाठी दुसऱ्या तळहातात. अंगठा मुठीत धरून गोल फिरवणे, दोन्ही. शेवटी बोटांची टोके दुसऱ्या तळहातावर गोल घासणे, दोन्ही.

क्रम चुकला म्हणून बिघडत नाही, भाग सुटला की बिघडते. आणि सुटतात ते ठरलेलेच: अंगठे, बोटांची टोके, बेचक्या. चित्रात हे भाग शेवटी येतात आणि तोवर हात सुकलेला असतो. म्हणून सोबत्यांना मी शिकवते ते उलटे: "आधी टोके, मग अंगठे, मग बाकी हात." सगळ्या वस्तूंना स्पर्श टोकांनीच होतो.

नखे बोटाच्या पुढे अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी असावीत. कृत्रिम नखे कर्मचाऱ्यांनी लावूच नयेत. अंगठ्या, काकणे, घड्याळ ड्युटीवर काढून ठेवायचे. रुग्णाच्या मनगटावर देवाचा दोरा असतो आणि तो सतत ओला, कळकट राहतो. कापायला घरचे तयार नसतात आणि कापायची जबरदस्ती करूही नये. तो उतरवून दुसऱ्या हाताच्या दंडाला बांधा. कॅन्युला असलेल्या हाताला मात्र काहीही बांधू नका.

---

मांडवीकाठ

फार्मसीच्या बाजूने थोडे. छोट्या इस्पितळात हँडरब संपले की 'आम्ही करून घेऊ का' असे विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र उघड उपलब्ध आहे. १० लिटरसाठी:

९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिली, आणि डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेले पाणी १० लिटरच्या खुणेपर्यंत. इथेनॉलऐवजी आयसोप्रोपिल वापरायचे तर ९९.८ टक्क्यांचे ७५१५ मिली, बाकी तेच. तयार द्रवात इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल ७५ टक्के येते.

अल्कोहोल आधी, मग पेरॉक्साइड, मग ग्लिसरीन. ग्लिसरीन जाड असते, मापात चिकटून राहते; ते माप थोड्या पाण्याने विसळून तेही पाणी टाकीत घाला. पाणी भरताच झाकण लावा, नाहीतर अल्कोहोल उडून जाते. हलवून बाटल्यांत भरा आणि ७२ तास बाजूला ठेवा. पेरॉक्साइड घालायचे कारण हातावरचे जंतू नव्हेत. अल्कोहोलमध्ये किंवा बाटलीत राहिलेले बीजाणू या तीन दिवसांत मरतात.

चूक होते ती तपासताना. अल्कोहोलमीटर (द्रवात तरंगवून अल्कोहोलचे प्रमाण मोजायचे साधन) २० अंश सेल्सियसला बेतलेला असतो. आपल्याकडे खोलीत तीस अंश. तापलेला द्रव हलका होतो, मीटर जास्त बुडतो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. म्हणजे कमी पडलेला घाणाही पास होतो. एकतर नमुना गार करून २० अंशांवर मोजा, नाहीतर तापमानाचा तक्ता वापरा. इथेनॉलच्या घाण्यात ७५ ते ८५ टक्क्यांच्या मधे आकडा आला पाहिजे.

१०० टक्के अल्कोहोल जास्त चांगले, असे नाही. प्रथिने मोडायला थोडे पाणी लागते. ६० टक्क्यांच्या खाली मात्र भरवसा नाही. यावरून गोव्यात हमखास येणारा प्रश्न: फेणी चालेल का? नाही. बाजारातली बाटलीबंद फेणी साधारण ४२.८ टक्क्यांची, हुर्राक (काजूचीच पहिल्या धारेची दारू) त्याहूनही बरीच सौम्य. हाताला वास येतो, थंड लागते, म्हणून जंतू मेले असे वाटते. ते मेलेले नसतात. आणि रंगकामाचे डिनेचर्ड स्पिरिट कधीही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकते. मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जाते.

अल्कोहोलचा साठा करण्यापूर्वी अबकारी खात्याचे नियम पाहून घ्या.

---

सुरंगी

मांडवीकाठ, आगीची भीती किती? वॉर्डाच्या कोपऱ्यात देवाचा फोटो आणि समोर निरांजन, उदबत्ती असते.

---

मांडवीकाठ

चांगले विचारलेत. ८० टक्के इथेनॉलची वाफ साधारण १७.५ अंशांपासून पेट घेऊ शकते, ७५ टक्के आयसोप्रोपिलची १९ अंशांपासून. गोव्यात जानेवारीच्या पहाटेचा थोडा वेळ सोडला तर वर्षभर हवा त्याच्या वरच असते. म्हणून निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्याजवळ पंप नको. स्विचबोर्डाच्या थेट वर किंवा खाली लावू नका; थेंब पडत राहतात. हात पूर्ण सुकल्यावरच काडी ओढा किंवा बटण दाबा. मोठा साठा वॉर्डात नाही, हवेशीर आणि कुलूपबंद खोलीत. रिकामे कॅनही तसेच ठेवा, आत वाफ असतेच.

आणखी एक धोका पिण्याचा आहे. लहान मुलांच्या वॉर्डात, आणि दारू सुटत असताना दाखल झालेल्या रुग्णांजवळ, खाटेशी सुटी बाटली ठेवू नये. तिथे कर्मचाऱ्याने खिशातली छोटी बाटली वापरावी, रुग्णाला वाइप द्यावा.

---

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता सिस्टर-डॉक्टरांनी हात केव्हा स्वच्छ करायचे ते सांगा. सोबत्याने कशाकडे लक्ष द्यावे?

---

आबोली

पाच वेळा ठरलेल्या आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त, लघवी, थुंकी यांचा संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर, रुग्णाला स्पर्श झाला नसला तरी.

पहिल्या दोन वेळा रुग्णाच्या रक्षणासाठी, पुढच्या तीन कर्मचाऱ्याच्या आणि पुढच्या रुग्णाच्या रक्षणासाठी. माणूस स्वतःला घाण लागल्यावर आपोआप हात धुतो. म्हणून 'नंतर'च्या वेळा बऱ्या पाळल्या जातात आणि 'आधी'च्या सुटतात. सोबत्याने लक्ष ठेवायचे ते इथे.

निर्जंतुक काम म्हणजे फक्त ऑपरेशन नव्हे. सलाईनच्या तोटीतून इंजेक्शन देणे, लघवीची नळी पिशवीपासून सोडवणे, ड्रेसिंग उघडणे, नाकातल्या नळीतून अन्न देणे, डोळ्यांत थेंब घालणे, सगळे यातच येते. सिस्टर हात चोळून आल्या, मग खाट वर करायचे हँडल फिरवले, पडदा ओढला, आणि त्याच हाताने सलाईनची तोटी उघडली, तर आधी चोळलेले हात फुकट गेले. पडदा आणि हँडल आधी, मग हात, मग लगेच तोटी.

पाचवी वेळ बहुतेकांना माहीतच नसते. लॉकरवरची बाटली सरकवली, मॉनिटरचा आवाज बंद केला, चादर नीट केली, तरी हात चोळायचे.

हातमोज्यांविषयी अगदी स्पष्ट लिहा: मोजे घातले म्हणून हातांची स्वच्छता टळत नाही. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी भोके असू शकतात, आणि काढताना मनगट व बोटे माखतात. घालण्यापूर्वी हात स्वच्छ, काढल्यावर पुन्हा स्वच्छ. मोज्यावरून सॅनिटायझर लावून पुढच्या खाटेकडे जाणे चूक. मोजे एका रुग्णाचे, एका कामाचे. त्याच मोज्यांनी फोन उचलला, केसपेपर लिहिला, दार उघडले, तर मोजे असून नसल्यासारखे.

---

दर्यासारंग

पण सिस्टरना 'हात धुतले का' असे विचारले तर राग येतो. रुग्ण त्यांच्याच हवाली असतो, सोबत्याची जीभ उचलत नाही.

---

आबोली

दर्यासारंगभाई, ही भीती खरी आहे. म्हणून वाक्य तयार देऊन ठेवा. "सिस्टर, बाबांच्या नळीला हात लावायचाय ना, हे घ्या," आणि बाटली पुढे करायची. यात प्रश्न नाही, आरोप नाही. डॉक्टर राउंडला आले की आधी स्वतः हात चोळायला सुरुवात करा आणि बाटली त्यांच्याकडे सरकवा. आणि इन्चार्ज सिस्टरनी दाखल होतानाच सांगावे, "आम्ही विसरलो तर आठवण करा." असे एकदा सांगितले की सोबत्याला बोलायची मोकळीक मिळते. पत्रकावर ही ओळ इस्पितळाच्या नावाने छापून घेतली तर निम्मे काम होईल.

---

पेट्रीडिश

बेसिनविषयी कोणी लिहिले नाही. हात धुवायची जागाच दूषित असेल तर वरचे सगळे वाया.

हात धुण्याच्या बेसिनमध्ये उरलेली पेज, चहा, शहाळ्याचे पाणी, सलाईनचा उरलेला द्रव ओतू नका. बेसिनच्या गळ्यात, पाण्याच्या नळीत जंतूंचा बुळबुळीत थर असतो. पेजेतले पीठ आणि सलाईनमधली साखर त्याला खाद्य. स्यूडोमोनाससारखे जंतू तिथे वाढतात आणि नळाची धार थेट भोकावर पडली की एक मीटरपर्यंत शिंतोडे उडतात. म्हणून बेसिनच्या मीटरभरात इंजेक्शनची ट्रे, ड्रेसिंगचे सामान, रुग्णाचा टूथब्रश काहीही नको. भांडी विसळायला वेगळे सिंक हवेच.

पाणी टाकीतून येते. नळाशी मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळाले पाहिजे. तपासणीचा छोटा संच स्वस्त असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना रोज तपासा, कारण गाळ क्लोरीन खातो. विहीर किंवा टँकरचे पाणी टाकीत पडत असेल तर नक्कीच.

साबणाची वडी ठेवायची तर छोटे तुकडे, खाली जाळीची ताटली, पाणी निथळले पाहिजे. पंपातला द्रव साबण संपत आला की वर ओतून भरू नका. जुन्या साबणात जंतू वाढतात आणि नव्यालाही बिघडवतात. पंप रिकामा करा, धुवा, सुकवा, मग भरा.

काही ठिकाणी दाराशी जंतुनाशकाच्या पाण्याचे भांडे असते आणि येणारा-जाणारा त्यात बोटे बुडवतो. ते आजच काढून टाका. काही तासांत जंतुनाशकाचा जोर ओसरतो आणि त्यातच जंतू वाढतात.

पुसण्यासाठी खुंटीवरचा एकच टॉवेल नको. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कापड सुकतच नाही. कागदी टॉवेल घ्या, आणि नळ त्याच कागदाने बंद करा. परवडत नसेल तर छोटे सुती तुकडे, एकदा पुसला की धुण्यात, परत येताना इस्त्री करून.

---

सुरंगी

पावसाळ्यात हँडरब हातावर चिकट लागते, लवकर सुकत नाही. त्याला काय करावे?

---

मांडवीकाठ

दमट हवेत अल्कोहोल सावकाश उडते, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते. पंख्याखाली उभे राहा, पण पदराला किंवा पँटला पुसू नका. ओल्या हातावर मोजे तर मुळीच चढवू नका. आत ओल कोंडून पुरळ येते. पावडरचे मोजे वापरले असतील तर पावडर आणि हँडरब मिळून वाळूसारखे कण लागतात. मोजे बिनपावडरचे घ्या.

हँडरब लावल्यावर झोंबते, म्हणजे कातडी आधीच चिरलेली आहे, बहुधा साबण आणि गरम पाण्याने. अशा वेळी लोक हँडरब सोडून साबणाकडे वळतात आणि कातडी आणखी बिघडते. ड्युटी संपल्यावर आणि झोपताना क्रीम लावा. आपल्याकडे हाताला खोबरेल लावायची सवय आहे. ती घरी ठीक. ड्युटीवर तेल लावून लॅटेक्सचे मोजे घातले तर लॅटेक्स विरते. पाण्यात मिसळणारे क्रीम वापरा, आणि डबा सगळ्यांचा एक नको, पिळायची ट्यूब असावी.

---

साळावली

गुणवत्तेच्या कामातून दोन हिशेब देते. पत्रकात नकोत, पण इस्पितळाच्या समितीपुढे ठेवा.

पहिला, खप. एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस. हजार रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर हँडरब खपावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. तीस खाटांचा वॉर्ड महिनाभर भरलेला असेल तर ९०० रुग्णदिवस, म्हणजे १८ लिटर, अर्ध्या लिटरच्या ३६ बाटल्या. यात एका रुग्णामागे दिवसाला २० मिली येतात, म्हणजे तीन-तीन मिली घेऊन सात वेळाही हात चोळून होत नाहीत. म्हणजे हा आकडा किमानच आहे. महिन्याला पाच-सहा बाटल्या जात असतील तर निरीक्षणाचे कागद काहीही सांगोत, हात चोळले जात नाहीत.

दुसरा, निरीक्षण. साधारण २० मिनिटांचे सत्र, एका वेळी तीनपेक्षा जास्त माणसांवर नजर नको. हात स्वच्छ करायच्या संधी (वरच्या पाचांपैकी कुठलीही वेळ) किती आल्या आणि त्यात हात किती वेळा स्वच्छ झाले ते मोजायचे. ४० संधींत २२ वेळा, म्हणजे ५५ टक्के. एका रुग्णाकडून थेट दुसऱ्याकडे गेल्यावर 'नंतर' आणि 'आधी' एकाच चोळण्यात येतात. ती संधी एकच धरा. इथे बरेच जण दोन धरतात. कोणी पाहत आहे हे कळले की हात आपोआप चोळले जातात, म्हणून निरीक्षणाला खपाचा आकडा जोडूनच वाचा.

जिनिव्हाच्या विद्यापीठ इस्पितळात संसर्ग नियंत्रणाचे डॉक्टर दिदिये पिते यांच्या चमूने १९९४ ते १९९७ हेच केले: खाटेशी हँडरब, फलक, मोजमाप आणि निकाल कर्मचाऱ्यांना परत सांगणे. पालन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि इस्पितळात लागणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. नुसते फलक लावून हे झालेले नाही. बाटली हाताच्या अंतरावर आली म्हणून झाले. खाटेच्या पायथ्याच्या कठड्याला कंस लावून बाटली अडकवता येते. भिंतीतला पंप दोन मीटरच्या आत असावा.

---

कुळागर

साळावलीताई, ३६ बाटल्यांचा हिशेब समितीपुढे नक्की ठेवतो. शेवटचा प्रश्न. पक्षाघात झालेल्या रुग्णाची मूठ घट्ट मिटलेली असते. त्या हाताचे काय? ओढून उघडायची भीती वाटते.

---

आबोली

ओढू नका, आणि बोटे एकेक करून टोकाकडून उचलू नका. स्नायू आणखी आवळतात. आधी मनगट हळूच तळहाताच्या बाजूला वाकवा. मनगट वाकले की बोटे थोडी सैल पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्या, त्यामागून बोटे येतात. कोमट ओल्या कापडाने तळहाताच्या घड्या, बेचक्या आणि नखांखालची जागा पुसा. घामाने आणि मळाने तिथे पांढरट थर बसतो, वास येतो, कातडी सोलते. लगेच कोरड्या कापडाने ओल टिपून घ्या, चोळू नका. मग तळहातात स्वच्छ, कोरड्या सुती कापडाची सैल गुंडाळी ठेवा, म्हणजे नखे रुतणार नाहीत. ती रोज बदला, ओली झाली तर लगेच. सकाळी स्पंज करताना आणि रात्री झोपवताना, दिवसातून दोनदा.

कातडी फाटलेली दिसली तर हँडरब लावू नका, सिस्टरना दाखवा. आणि दुसरा हात, जो चालतो, तो दिवसभर दोघांचे काम करतो. लाळ पुसणे, नळी चाचपणे, कठडा धरणे सगळे त्यानेच. जेवणाआधी त्याच्याकडे लक्ष द्यायचे विसरू नका.